घरासमोरची काटेसावर: एक झाड, एक वही आणि एक फोन

आमच्या गल्लीच्या टोकाला, पुण्यातल्या वेताळ टेकडीकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक काटेसावर उभी आहे. पंधरा वर्षं मी तिच्याखालून भाजीला, बँकेत, बसस्टॉपवर जात होते. माझ्या लेखी ते ‘लाल फुलांचं झाड’ होतं, बस. मग एका फेब्रुवारीत तिचं फूल टपकन माझ्या पिशवीत पडलं, मेथीच्या जुडीवर. घरी आणून ओट्यावर ठेवलं आणि चहा उकळेपर्यंत सहज पेन्सिलने काढून पाहिलं. पाकळी किती जाड असते, केसर किती असतात, हे सगळं मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

निसर्गाचा आनंद म्हटलं की आपण कास पठार, आंबोली, ताडोबा असले बेत आखतो. तिथे जावंच. पण वर्षातून दोनदा मिळणारा आनंद आणि रोज सकाळी दूध आणताना मिळणारा आनंद यांत मला दुसरा जास्त हवासा वाटतो. त्यासाठी एकच झाड धरायचं, वहीत ते काढायचं, फोनवर त्याचे फोटो घ्यायचे आणि वर्षभर त्याच्याकडे परत परत जायचं. चित्र काढायला येत नसलं तरी चालतं. मलाही येत नव्हतं.

झाड निवडताना

घरातून चपला घालून निघाल्यावर पाच मिनिटांत गाठता येईल असं झाड घ्या. लांबचं झाड कितीही देखणं असलं तरी तिसऱ्या आठवड्यात जाणं सुटतं.

ऋतूप्रमाणे ठळक बदलणारं झाड असेल तर उत्तम. काटेसावर, पांगारा, पळस, बहावा यांची पानं झडतात आणि ती फुलांनी लगडतात. ताम्हण तर आपलं राज्यफूल. महाराष्ट्र दिनाच्या आसपास ते जांभळं फुलून येतं आणि पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर भरपूर आहे. पिंपळाला फुलांचा थाट नाही, पण त्याची तांबूस कोवळी पालवी उन्हात बघावी. दारात आंबा असेल तर मोहोरापासून कैरीपर्यंतचा सगळा प्रवास घरबसल्या मिळतो. सोसायट्यांच्या कडेला लावलेला उंच सरळ अशोक सुरुवातीला नको. तो बदलतो, पण इतका हळू की नव्या माणसाचा धीर सुटतो.

झाडच नसेल तर गॅलरीतली तुळस किंवा कुंडीतली गोकर्ण घ्या. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवरचं शेवाळही पुरतं.

झाड ठरलं की त्याच्याभोवती एक चक्कर मारून दोन जागा हेरून ठेवा. एक, जिथून अख्खं झाड दिसतं. दुसरी, जिथे खोडाला हात लावता येतो किंवा खाली पडलेलं उचलता येतं. पहिली जागा फोटोसाठी, दुसरी वहीसाठी.

सामान

2बी पेन्सिल, खोडरबर, 6 नंबरचा गोल ब्रश, कॅमलच्या जलरंगाच्या 12 वड्यांची पेटी आणि एक वही. पैसे खर्चायचे तर फक्त कागदावर खर्चा. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग लावायचा उत्साह तिथेच मावळतो. 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या) वरचा कागद घ्या. फोन आहे तोच चालेल.

पहिला आठवडा हात रिकामे

रोज पंधरा मिनिटं झाडाजवळ बसा किंवा उभे राहा. फोन खिशात, वही पिशवीत. पाच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. सातव्या-आठव्या मिनिटाला झाड तुम्हाला विसरतं, म्हणजे झाडावरची वस्ती विसरते. खार खाली उतरते. शिंजीर पक्षी परत येतो. मुंग्यांची रांग खोडावरून कुठे चालली आहे ते दिसू लागतं. घरी आल्यावर ऐकलेल्या आणि दिसलेल्या पाच गोष्टी लिहा, नावं माहीत नसली तरी. माझ्या पहिल्या पानावर ‘टुक टुक टुक असा आवाज, बराच वेळ, पक्षी दिसला नाही’ असं आहे. तो तांबट होता, हे चार आठवड्यांनी कळलं. दिसला त्या दिवशी मी भर रस्त्यात एकटीच हसत होते.

हा आठवडा गाळू नका.

वही: पडलेल्या फुलापासून सुरुवात

उभं झाड काढायला अवघड असतं, म्हणून खाली पडलेल्या एका गोष्टीपासून सुरुवात करावी. सावरीची फुलं अखंड गळतात, ही तिची मोठीच मेहेरबानी. फूल पांढऱ्या ताटलीत ठेवा आणि ताटली खिडकीशी. उजेड एकाच बाजूने यायला हवा, घरातला दिवा बंद.

पहिलं चित्र कागदाकडे न बघता काढायचं. पेन्सिलचं टोक कागदावर टेकवा, नजर फुलाच्या कडेवर ठेवा. त्या कडेवरून एक मुंगी चालते आहे असं समजा आणि तिच्याच वेगाने पेन्सिल सरकवा. तीन मिनिटं कागदाकडे बघायचं नाही. जे उमटेल ते वेडंवाकडंच असेल, ते तसंच राहू द्या. हा डोळ्यांचा रियाज आहे. आपण एरवी फूल म्हणून मनातलं ठरलेलं फूल काढतो. ती सवय या तीन मिनिटांत मोडते. लगेच दुसऱ्यांदा करा.

आता फूल हातात घ्या. सावरीची पाकळी कानाच्या पाळीइतकी जाड लागते. बाहेरून ती फिकी आणि मखमली, आतून तुळतुळीत लाल. पाकळ्या पाच. आत केसरांचे पाच झुबके आणि मधोमध आणखी काही केसर, प्रत्येकाच्या टोकाला काळपट परागकोश. या सगळ्यांहून उंच एक दांडी, तिच्या टोकाला पाच बारीक फाटे. कधीकधी खालची जाड हिरवी वाटीही फुलाबरोबर येते. हे मोजून झालं की दुसऱ्या पानावर हलक्या हाताने एक लंबगोल काढा आणि त्यात पाकळ्या बसवा. पाकळी नीट बसत नसेल तर तिचा नाद सोडा आणि दोन पाकळ्यांमधली मोकळी जागा काढा. मोकळ्या जागेचा आकार डोळ्याला सोपा जातो, कारण तिच्याबद्दल आपल्या मनात आधीच काही ठरलेलं नसतं.

जलरंगात फिक्यापासून सुरुवात आणि गडदाने शेवट. क्रिमसनमध्ये (गडद लाल) थोडा केशरी मिसळा, भरपूर पाणी घ्या आणि पाकळीवर पातळ थर द्या. जिथे चकाकी दिसते तिथे कागद कोरा सोडा, नंतर पांढरा लावून ती चकाकी येत नाही. थर वाळू द्या. वाळलाय का हे हाताच्या पाठीमागच्या बाजूने पाहा. गार लागला तर अजून ओला आहे. सावलीसाठी काळा रंग नको, त्याने फूल मळकट दिसतं. त्याच क्रिमसनमध्ये किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) घाला, सावली खोल होते आणि लालही राहते.

हिरव्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पेटीतली हिरवी वडी एकटी वापरली की पान प्लास्टिकचं वाटतं. कोवळ्या पानाला तिच्यात लेमन यलो, जून पानाला बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) एक थेंब. एक दिवस चित्रबित्र काही न काढता वहीत सात चौकोन आखा आणि झाडावर दिसणारे सात वेगवेगळे हिरवे जुळवायचा प्रयत्न करा. माझा या खेळात अर्धा तास कसा जातो कळत नाही.

फूल टाकून देऊ नका. संध्याकाळी त्याच्या कडा तपकिरी होतात, दुसऱ्या दिवशी पाकळ्या आत वळतात. तेच फूल तीन दिवस, तीनदा काढा. मला विचाराल तर ताज्या फुलापेक्षा दुसऱ्या दिवशीचं जास्त सुंदर असतं.

हे काम आपल्याकडे नवं नाही. पुण्याजवळ दापोडीला अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरच्या देखरेखीखाली सरकारी वनस्पती-उद्यान होतं. तिथे 1847 ते 1850 च्या सुमारास झाडाझुडपांची जलरंगातली चित्रं काढून घेतली गेली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलेली आहेत. गिब्सनचं नाव राहिलं, चित्रकाराचं राहिलं नाही. बोपोडीचा पूल ओलांडताना मला दर वेळी तो अनाम माणूस आठवतो.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना पान पालथं ठेवून वर पातळ कागद आणि आडवा मेणखडू घासू द्या. शिरा उमटताना त्यांचे चेहरे बघा.

फोन: उजेड, जागा आणि लाल रंगाचा घोळ

आधी लेन्स सुती रुमालाने पुसा. फोन दिवसभर खिशात आणि हातात असतो. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलाने येतात.

वेळ सकाळची. फेब्रुवारीत पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो. तेव्हापासून सव्वाआठपर्यंत उजेड तिरपा आणि मऊ असतो. अशा वेळी फूल तुमच्या आणि सूर्याच्या मधे येईल असे उभे राहा, म्हणजे पाकळी आतून पेटल्यासारखी दिसते. दुपारी बाराला वर बघून फोटो काढू नका, पण खाली जरूर बघा. निष्पर्ण सावरीची सावली डांबरावर आणि कंपाउंडच्या भिंतीवर अशी रेखीव पडते की तीच आयती चित्रकला.

आता ठरलेल्या जागेचा फोटो. हेरून ठेवलेल्या पहिल्या जागी दर रविवारी एकाच वेळी उभे राहायचं. मी विजेच्या खांबाला डावा खांदा टेकवते, फोन आडवा धरते आणि बुंध्याचा तळ फ्रेमच्या खालच्या कडेला लावते. फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेघा चालू करून ठेवल्या की हे सोपं जातं. हे फोटो एकेकटे बघितले तर साधेच आहेत. पण वर्षाचे 52 एकापाठोपाठ सरकवले की झाड श्वास घेताना दिसतं. बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं करा.

लाल फुलांशी फोनचं जमत नाही. मागे उजळ आकाश असलं की झाड काळं येतं. म्हणून आपण फुलावर बोट टेकवतो, तर फूल इतकं उजळतं की पाकळीवरच्या शिरा जाऊन नुसता लाल डाग उरतो. उपाय असा: फुलावर बोट दाबून ठेवा. बहुतेक फोनमध्ये त्याने फोकस आणि उजेड तिथेच पक्के होतात. मग बोट खाली ओढून उजेड कमी करा, पाकळीवर शिरा दिसेपर्यंत. फोटो जरा अंधारा वाटला तरी हरकत नाही. अंधारा फोटो नंतर उजळता येतो, जळलेला लाल परत आणता येत नाही.

दोन बोटांनी झूम करू नका. फोनला दूरची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नाहीतर उंचीवर जा. मी समोरच्या काकूंच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जाते, तिथून फुलं डोळ्यांच्या रेषेत येतात. काकूंचा चहा होतो आणि आता फुलं उमलल्याची पहिली खबर मला त्यांच्याकडूनच येते.

जवळच्या फोटोसाठी फोन साधारण वीतभर लांब धरा, त्याहून जवळ नेला तर बऱ्याच फोनचा फोकस सुटतो. हवा तेवढा भाग नंतर कापून घ्या. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो बारीक केसर खाऊन टाकतो. वारा असेल तर थांबा. वारा सलग वाहत नाही, मधे एक-दोन सेकंद झाड निश्चल होतं. आणि गुडघे वाकवा! वाटेतलं फूल उभ्याने टिपलं तर मागे चपला आणि गाडीची चाकं येतात. उकिडवं बसलं की मागे ओला काळा रस्ता येतो आणि लाल उठून दिसतो.

पक्ष्यांच्या मागे फिरू नका. फुलांचा एक घोस निवडा, फोन खांबाला टेकवा आणि त्या घोसाकडेच बघत राहा. मधासाठी तिथे सगळे येतात: साळुंक्या, कावळे, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, आणि हिवाळी पाहुण्या भोरड्या थव्याने. शटर दाबून ठेवलं की एकामागून एक फोटो निघतात, त्यांतला एखादा लागतो.

त्याच संध्याकाळी तीसमधले तीन ठेवा, बाकीचे पुसा. न निवडलेल्या हजार फोटोंकडे कुणीही परत बघत नाही, आपणसुद्धा.

एक आग्रह. चित्र शक्यतो फोटोवरून काढू नका, समोरच्या वस्तूवरून काढा. फोटोत कोन, उजेड, काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. पाकळ्या किती होत्या हे तपासायला मात्र फोटो खुशाल उघडा.

तारीख आणि दोन ओळी

प्रत्येक पानावर तारीख, वेळ, हवा आणि दोन ओळी हव्यातच. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

‘12 फेब्रुवारी, सकाळी 7.20. गारठा. पूर्वेच्या मोठ्या फांदीवर चाळीस कळ्या मोजल्या, नऊ उमललेली. पान एकही नाही. दोन राघू, फुलं खुडून टाकतायत.’

नावं शोधायला गूगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्ट उपयोगी पडतं. पण फुलाबरोबर पान आणि खोड यांचेही फोटो द्या, नुसत्या फुलावरून ॲप फसतं. नोंदींचा उपयोग इतरांनाही व्हावा असं वाटलं तर ‘सीझनवॉच’ हा भारतातल्या झाडांच्या नोंदींचा उपक्रम आहे. तिथे आपलं झाड नोंदवायचं आणि दर आठवड्याला पानं, फुलं, फळं किती आहेत ते कळवायचं. रविवारचा फोटो काढताना ते दोन मिनिटांत होतं.

वर्षभर काय बघाल

डिसेंबर-जानेवारीत सावरीची पानं गळतात आणि फांद्यांचा सांगाडा दिसतो. रेघांचा सराव करायला याहून चांगला काळ नाही. मग फुलं. मार्च-एप्रिलमध्ये पंजासारखी कोवळी पानं येतात, एका देठावर पाच किंवा सात पर्णिका. उन्हाळा वर चढला की बोंडं फुटतात. गेल्या वर्षी आमच्या वॉचमनकाकांनी हाक मारली, ‘ताई, कापूस उडायला लागला बघा.’ ते विदर्भातले, लहानपणी कापूस वेचलेले. चिमटीत सावरीचा कापूस चोळून म्हणाले, ‘ह्याचा धागा नाही होत, उशीलाच बरा.’ खरंच आहे, हा तंतू आखूड आणि गुळगुळीत असतो, कातला जात नाही. काळ्या कापडावर तो ठेवून बाजूच्या उजेडात फोटो काढा, एकेक तंतू दिसतो.

जूनमध्ये नजर खाली आणा. मृगाच्या पहिल्या पावसानंतर लाल मखमली मृगाचा किडा मातीत फिरतो, थोडेच दिवस. मग गोगलगायी, भिंतीवरचे नेचे, तेरडा.

आणि अळू. कुंडीत त्याचा एक कंद लावून ठेवा. अळवाच्या पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे पाणी पसरत नाही, गोळा होऊन राहतं. सकाळी पाऊस थांबल्या थांबल्या पानाच्या पातळीवर फोन आणा आणि थेंबाच्या कडेवर फोकस लावा. थेंबाच्या आत मागचं दृश्य उलटं दिसतं. माझ्या एका फोटोत तिथे आमची गॅलरी, वाळत घातलेले टॉवेल आणि आकाश, सगळं डोक्यावर उभं आहे. पुढच्या क्षणी पान हललं आणि थेंब ओघळला. अळवावरचं पाणी आपण आयुष्यभर म्हणत आलो, ते मी त्या दिवशी बघितलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दवात कोळ्यांची जाळी शोधा. सूर्याकडे तोंड करून, मागे गडद झुडूप घेऊन.

इथे हात आवरा

घरट्याचा फोटो काढायला जवळ जाऊ नका. आईबाप बुजले तर पिलं उपाशी राहतात, आणि कावळ्याला घरट्याचा पत्ता तुमच्यामुळे लागतो. फुलं तोडू नका, पडलेली पुरतात. उंच सावरीवर आग्या मोहोळ असण्याची शक्यता असते. दिसलं तर लांब राहा, खाली धूर किंवा गोंगाट होऊ देऊ नका.

पूर्वेची फांदी

मागच्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी झाली आणि पूर्वेची मोठी फांदी बुंध्यापासून तोडली गेली. तारांना अडचण नव्हती, कुणी विचारलंही नाही. मी घरी पोचले तेव्हा ओंडके ट्रकमध्ये चढत होते. त्या रविवारचा फोटो काढायला हात धजेना. तरी काढला. त्या फोटोत डावीकडे नुसतं आकाश आहे. वही उघडली तर फांदी तिथे होती, चाळीस कळ्यांसकट.

वही आणि फोटो घेऊन सोसायटीच्या बैठकीत गेले. आता छाटणीआधी निदान पाहणी होते आणि मला बोलावतात.

जुलैत कापलेल्या खुंटावर, सालीच्या कडेने, पोपटी ठिपके दिसले. आधी शेवाळ वाटलं. काकूंच्या गॅलरीतून दूरच्या लेन्सने पाहिलं तर कोंब. या रविवारी ते वीतभर झाले आहेत. पाच पानं मोजली. चारांना पाच पर्णिका, एकाला सात. पान काढून झालंय, रंग वाळायचाय.